एअर फ्लो सेन्सर क्लिनर स्प्रे: सेन्सर वाचला, पण चूक माझीच निघाली

दोन महिने गाडीने नुसता वात आणला होता. थांबलेली गाडी काढताना ॲक्सिलरेटर दाबला की आधी क्षणभर काहीच नाही, मग एकदम झटका, चढावर दुसऱ्या गिअरमधे पण धाप लागल्यासारखी, ॲव्हरेज पडलेलं आणि वर तो चेक इंजिनचा पिवळा दिवा. स्कॅनर लावला तर कोड पी०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. मेकॅनिकने धड बघितलं पण नाही, म्हणाला एअर फ्लो सेन्सर गेला, नवीन टाकू. नवीन सेन्सरचा आकडा ऐकला आणि म्हटलं थांबा, आधी तो क्लिनर स्प्रे मारून बघतो, फार तर एक डबा वाया जाईल.

पण विकत घ्यायच्या आधी एक बघा, तुमच्या गाडीत हा सेन्सर आहे का तेच. बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांमधे हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर नसतोच, त्याऐवजी इनटेक मॅनिफोल्डवर दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. एअर फ्लोवाला एअर फिल्टरच्या डब्यानंतर लगेच, थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या पाइपात बसलेला दिसतो. आत केसासारखी बारीक तार किंवा पातळ फिल्म असते, ती करंट देऊन गरम ठेवतात, हवा जोरात आली की ती थंड व्हायला बघते, मग तेवढंच तापमान टिकवायला जास्त करंट लागतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, किती ग्रॅम हवा आत गेली ते ठरवतो. पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवेला १ भाग इंधन हा हिशेब, आता तारेवर धुळीचा थर बसला की हवा तिच्यापर्यंत नीट पोचत नाही, सेन्सर कमी हवा सांगतो, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो आणि गाडी रडते.

नुसत्या कोडवर विश्वास ठेवू नका हे मात्र मनापासून सांगतो. पी०१७१ तर फाटक्या व्हॅक्यूम पाइपने पण येतो, तिथून सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते. मी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघितल्या, म्हणजे ईसीयूला हिशेबापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल सोडावं लागतंय ते, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) लाँग टर्म म्हणजे सरासरीची ट्रिम जेमतेम ४ टक्के आणि जोर दिला की १८. व्हॅक्यूम लीक असता तर उलटं दिसलं असतं, आयडलला जास्त आणि आरपीएम वाढवला की कमी, कारण चोरून येणारी हवा तेवढीच असते पण एकूण हवा वाढते. मग इंजिन बंद करून सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढला आणि तशीच चालवून बघितली, ईसीयू तेव्हा स्वतःच्या ठरलेल्या आकड्यांवर चालतो, आणि काय राव, झटके निम्मे कमी! तिथेच संशय पक्का झाला. (कपलर काढल्यावर नवीन कोड येतो, घाबरू नका, नंतर पुसता येतो.) तुमच्याकडे पी०१०२ किंवा पी०१०३ आला असेल तर आधी वायर आणि कपलरच्या पिना बघा, तुटलेली वायर स्प्रेने जोडली जात नाही.

आता स्प्रेबद्दल. काम एकदम सोपं, इंजिन गार, चावी बंद, कपलर काढला, दोन स्क्रू, सेन्सर हातात. स्क्रू चांदणीच्या आकाराचे निघाले, साधा पाना त्यांना चालत नाही, चांदणीवाला आधी जवळ ठेवा नाहीतर अर्ध्यात अडकाल. लांबून १०-१५ छोटे फवारे मारले, तारेवर आणि शेजारच्या हवेचं तापमान मोजणाऱ्या मण्यावर पण, खाली कागद धरला होता त्यावर काळपट चिकट पाणी उतरलं ते बघून बरं वाटलं. बोट, कापूस, ब्रश, कॉम्प्रेसरची हवा, काहीही लावायचं नाही, तार तुटली की मग खरंच नवीन घ्यावा लागेल. आणि घरात पडलाय म्हणून कार्बोरेटर क्लिनर तर अजिबात मारू नका, तो मागे थर सोडू शकतो आणि प्लास्टिकपण खाऊ शकतो. हा स्प्रे मागे काही न ठेवता उडून जातो, त्याचेच पैसे आहेत. वास मात्र डोक्यात जातो आणि पेट घेणारा आहे, मोकळ्या जागेतच करा. अर्धा तास वाळू दिला, बाणाची दिशा बघून परत बसवला, कोड पुसला.

रिझल्ट? पहिल्याच फेरीत पिकअप परत. चारपाच दिवसांनी ट्रिम ३-५ टक्क्यांवर स्थिर. मी खूश, सगळ्यांना सांगत सुटलो.

आणि तीन आठवड्यांनी परत तेच झटके. स्प्रेला शिव्या घालणारा पहिला रिव्ह्यू जवळजवळ टाइप करून झाला होता, तेवढ्यात सहज पाइपात बोट फिरवलं तर तेलकट. मी मोठ्या हौसेने तो धुवून परत वापरायचा तेलवाला एअर फिल्टर टाकलेला ना, आणि धुतल्यावर तेल लावताना हात सैल सुटला होता, ते जास्तीचं तेल हवेबरोबर थेट तारेवर जाऊन धूळ पकडत होतं. म्हणजे सेन्सर पण बरा, स्प्रे पण बरा, दोषी मीच. साधा कागदी फिल्टर बसवला, डब्याच्या चारी क्लिपा नीट लागल्या का बघितलं, उरलेल्या स्प्रेने परत साफ केला. तेव्हापासून आठ महिने दिवा लागलेला नाही.

उगाच दर सर्व्हिसला मारत बसू नका, ट्रिम वर सरकायला लागल्या तर काढा. साफ करूनही आकडे हलले नाहीत आणि पाइपबिइप सगळं ठीक असेल तर सेन्सर खरंच गेलेला असू शकतो.

पाचपैकी ४ स्टार. पाचवा डब्याबरोबर येणाऱ्या त्या लाल नळीने खाल्ला, नोझलमधे घट्ट बसतच नाही, दोनदा उडाली आणि दुसऱ्यांदा बॅटरीखाली जाऊन पडली ती अजून तिथेच आहे.