एजंट की थेट प्रकाशक?

कादंबरी लिहून झाली, आता पाठवायची कुणाकडे?

इंग्रजीतल्या बहुतेक मोठ्या प्रकाशनसंस्था एजंटशिवाय, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार करणाऱ्या मध्यस्थाशिवाय, आलेलं हस्तलिखित वाचतच नाहीत. तिकडे डोळा असेल तर एजंटला पर्याय नाही. तो सहसा देशातल्या व्यवहारावर १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २० टक्के घेतो, तेही प्रकाशकाला पुस्तक विकलं गेल्यावरच. वाचनाचेच पैसे मागणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

छोटे प्रकाशक थेट पाठवलेलं वाचतात. वाटेकरी नाही, संपादकाशी बोलणं सरळ. पण करार तुम्हालाच वाचावा लागतो, आणि गोम तिथेच आहे. ‘सर्व भाषा, सर्व माध्यमे’ एवढ्या चार शब्दांत अनुवाद, ऑडिओ, सिनेमा सगळं हातचं जातं. एजंट नेमकी हीच ओळ खोडून घेतो. माझ्या मते त्याची टक्केवारी इथेच वसूल होते.

कादंबरीची ओळख करून देणारं पत्र दोन्हीकडे लागतं, एका पानाचं. ‘ही माणसाच्या एकाकीपणाची कथा आहे’ असं लिहिलंत तर पुढचं कुणी वाचणार नाही. ‘बापाच्या तेराव्याला मुलीला त्याचं दुसरं घर सापडतं’ म्हणा, पान उलटलं जाईल.

दोन्ही दारं एकदम मात्र ठोठावू नका. दहा प्रकाशकांनी नाकारलेली कादंबरी एजंटच्या हातात आली, तर तो बिचारा ती विकणार कुणाला? आधी एजंट. सहा-आठ महिन्यांत कुणी हूं की चूं केलं नाही, तर थेट प्रकाशक.