अनेकांसाठी एकाचा बळी : कुठल्या बाजूला उभं राहावं?

ट्रॉलीचं कोडं थोडक्यात असं : भरधाव ट्रॉली रुळांवरच्या पाच जणांवर चालून येतेय, खटका ओढला तर ती दुसऱ्या रुळावर वळेल, पण तिथला एक जण मरेल. ओढावा का? तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी ते १९६७ साली मांडलं, ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी पुढे त्यात ट्रॉली अडवण्यासाठी पुलावरून माणूस ढकलण्याची अवघड गाठ मारली, आणि आता ते सगळ्यांना पाठ आहे. ज्यातून सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त भलं होतं ते योग्य, असं बेंथॅम आणि मिल यांचा उपयुक्ततावाद म्हणतो. परिणाम काहीही होवो, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असं कांटचा कर्तव्यवाद म्हणतो. अडतं ते यापुढे. मी दोन्ही बाजूंना राहून पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

उपयुक्ततावादाचं मला सर्वांत जास्त पटतं ते हे, की तो कुणाला विशेष समजत नाही. राजा असो की रंक, गणना एकच. शिवाय ‘मी काहीच केलं नाही’ या आडोशाला तो उभं राहू देत नाही. हाताची घडी घालून बघत राहणं हीसुद्धा निवडच असते आणि तिची किंमत पाच जण मोजतात, हे तो तोंडावर सांगतो. सार्वजनिक आरोग्यात तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लशीमुळे लाखोंत एखाद्या मुलाला उलट लकवाच होऊ शकतो. हे माहीत असूनही ती जगभर दिली गेली, आणि ते योग्यच झालं असं मी मानतो.

कर्तव्यवाद त्यामानाने हट्टी. अपहरण झालेलं प्रवासी विमान शस्त्रासारखं वापरलं जात असेल तर ते पाडायची मुभा देणारं कलम जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००६ साली रद्द केलं. विमानातले लोक तसेही थोड्या वेळात मरणारच, हा युक्तिवाद टिकला नाही. निरपराध प्रवाशांना इतरांच्या बचावाचं साधन बनवणं हे त्यांच्या मानवी प्रतिष्ठेविरुद्ध ठरलं. तर्क स्वच्छ आहे. पण जमिनीवर जे मरतील त्यांच्या नातलगांसमोर तो वाचून दाखवायची माझी तरी हिंमत होणार नाही.

इथवर मला दोन्ही बाजू जवळजवळ तोलामोलाच्या वाटतात. माझ्यापुरता निर्णय झाला तो एका सतत खटकणाऱ्या गोष्टीमुळे. कोड्यातला ‘एक’ कुणीही असू शकतो. प्रत्यक्षातला बहुधा आधीच ठरलेला असतो.

एका नोकरीत आमच्या गटाला सांगण्यात आलं, की एक जण गेला तर बाकीच्यांच्या नोकऱ्या टिकतील, नाव तुम्हीच सुचवा. प्रश्न जिवाचा नव्हता, पण वजाबाकी तीच होती. सगळ्यांचाच पगार थोडा थोडा कापावा असं मी म्हणून पाहिलं. ‘एवढ्या भानगडीत कशाला पडायचं’ म्हणून तो विषय तिथेच मिटला. मग कुणी आकडे मांडले नाहीत, कुणाचं काम किती तेही पाहिलं नाही. बघता बघता सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. त्या दिवशी रजेवर असलेला, कुणात फारसा न मिसळणारा, वर कुणाची ओळख नसलेला आमचा सहकारी. आधी नाव ठरलं, मग त्याला साजेसं गणित मांडलं गेलं. ते मला आजही सहन होत नाही.

हेच फार भयंकर रूपात १८८४ साली समुद्रात घडलं होतं. मिन्योनेट ही नौका बुडाली आणि चौघे जण एका होडीत उरले. अन्नपाण्यावाचून हाल झाल्यावर कप्तान डडली आणि स्टीफन्स यांनी रिचर्ड पार्कर या १७ वर्षांच्या पोऱ्याला मारलं, आणि त्याच्या मांसावर तिघे जगले. चार दिवसांनी एका जहाजाने त्यांना उचललं. हिशेबाने पाहिलं तर एक गेला, तिघे वाचले. पण चिठ्ठ्या टाकायची गोष्ट निघूनही त्या टाकल्या गेल्या नाहीत, आणि त्या मुलाला तर कुणी विचारलंच नाही. तो अनाथ होता, खारं पाणी पिऊन आजारी पडला होता. जिवांचं मोल कोणत्या मापाने मोजायचं आणि ते मोजणार कोण, असं न्यायमूर्ती कोलरिज यांनी विचारलं. सर्वांत दुबळा, सर्वांत लहान होता तोच निवडला गेला, हेही त्यांनी दाखवून दिलं. दोघांना देहदंड सुनावला गेला, नंतर तो सहा महिन्यांच्या कैदेवर आणला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. दया दाखवली, पण कृत्याला योग्य म्हटलं नाही.

या वादात ‘त्यजेदेकं कुलस्यार्थे’, म्हणजे कुळासाठी एकाचा त्याग करावा, हे वचन हमखास पुढे केलं जातं. पण महाभारतात विदुर ते धृतराष्ट्राला ऐकवतो तेव्हा त्याच्या मनातला ‘एक’ म्हणजे दुर्योधन आहे. ज्याच्यामुळे संकट ओढवलं तो, राजाचा स्वतःचा लाडका मुलगा. होडीतल्या पोऱ्यासाठी हे वचन वापरता येईल असं मला वाटत नाही.

तेव्हा धोका सगळ्यांवर सारखा वाटला जात असेल, निर्णय घेणाऱ्याची मुलंही त्यात येत असतील, आणि कुणाच्या वाट्याला काय येईल हे आधी ठाऊक नसेल, तर उपयुक्ततावाद खुशाल घ्या. लशीच्या बाबतीत मी तेच करतो. कुणाकडे तरी बोट दाखवून ‘हा’ म्हणावं लागत असेल, तर मी कांटच्या बाजूला जाईन. खटका ओढायला तयार होणारे बरेच लोक पुलावरून ढकलायला नकार देतात. त्याला गोंधळ म्हणतात, मला तसं वाटत नाही. कुणी स्वतःहून पुढे आला तर गोष्टच निराळी.

संख्या पाचाऐवजी पाच लाख झाली तर काय, याचं पुरेसं उत्तर मला कर्तव्यवादात मिळालेलं नाही. तेवढ्यापुरतं दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी ऐकून घेईन, पण यादी करणाऱ्याने तिच्यात स्वतःचं नाव घातलं आहे का, हे आधी विचारून.