आईंचा सरकारी डबा: सात महिने झाले, खरंखुरं काय ते सांगते

सासूबाईंना सरकारी मदतीतून घरपोच जेवणाचा डबा येतो, तो कसा आहे असं बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहितेय, लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही मेलबर्नला टारनीटमध्ये, सासूबाई आमच्यापासून दहा मिनिटांवर त्यांच्या युनिटमध्ये एकट्या. वय 79, गुडघे गेलेत, बोटं संधिवाताने वाकडी झालीत, पण सुनेच्या घरी राहायला यायचं नाही हे पक्कं. माय एज्ड केअरला (वयस्कर लोकांच्या सेवांसाठी सरकारची यंत्रणा) फोन केला, असेसमेंट झाली आणि सपोर्ट ॲट होम, म्हणजे घरी राहूनच मदत मिळण्याची सरकारी योजना, मंजूर झालं. हे म्हणजे जुन्या होम केअर पॅकेजच्या जागी 1 नोव्हेंबर 2025 पासून आलेलं. त्यात दर तीन महिन्यांचं बजेट मिळतं, आणि घरपोच जेवण 'एव्हरीडे लिव्हिंग' म्हणजे रोजच्या कामांच्या मदतीच्या गटात बसतं.

पैशांचं आधी सांगते कारण तिथेच सगळे गोंधळतात, मीही गोंधळले होते. सरकार डबा बनवण्याचे आणि पोचवण्याचे पैसे देतं, भाजीपाला-धान्याचे नाही, ते आपले. आमच्या प्रोव्हायडरचा (सेवा पुरवणारी संस्था) डबा 15 डॉलरचा, त्यातले साडेचार साहित्याचे म्हणून सरळ आमच्याकडून जातात. उरलेल्या साडेदहावर आईंना सरकारची पूर्ण वृद्धापकाळ पेन्शन असल्यामुळे साडेसतरा टक्के भरावे लागतात, म्हणजे एक डॉलर चौऱ्याऐंशी सेंट. एकूण साडेसहाच्या आत. शेजारच्या ग्रीक आजी पण फुल पेन्शनवर, पण त्यांना ते टक्के लागतच नाहीत, कारण त्यांचं पॅकेज 12 सप्टेंबर 2024 च्या आधी मंजूर झालेलं होतं. आईंना हे कळल्यावर आठवडाभर "बघ, तेव्हाच फॉर्म भरायला हवा होता" चालू होतं.

आता जेवण. डबे थंडगार येतात, सोमवारी आणि गुरुवारी, फ्रिजमध्ये ठेवायचे आणि मायक्रोवेव्हमध्ये चांगले वाफाळेपर्यंत गरम करायचे. शाकाहारी म्हटल्यावर भोपळा. भोपळ्याचं सूप, भोपळा घातलेला पास्ता, लझान्यातही भोपळाच! मीठ बेताचं, तिखटाचं तर नावच नको. पहिले दोन महिने आई "बरं आहे की" म्हणायच्या, मी खूश. मग एकदा मटार शोधायला फ्रीझर उघडला तर मागे सहा डबे, एकावर एक नीट रचलेले. म्हटलं आई हे काय, तर म्हणतात, "एवढ्या लांबून बिचारा आणून देतो, त्याला नको कसं म्हणायचं?" डबा आणणारे आजोबा स्वतःच सत्तरीच्या पुढचे आहेत, हे सांगायचं राहिलं.

पण खरं कारण चव नव्हतीच. मी समोर बसून म्हटलं एक डबा गरम करून दाखवा. तर त्या वरच्या प्लास्टिकचा कोपरा चिमटीतच येईना, नखाने खरवडलं, सुरी घेतली, सुरी सटकली, शेवटी "राहू दे, दूध-पोळी खाते" म्हणून डबा परत आत. जेवण घरी येतंय, पैसे कापले जातायत आणि बाई उपाशी! अशा लोकांसाठीच असलेल्या डब्याचं झाकण अशा लोकांना उघडत नाही, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही? प्रोव्हायडरला सांगितलं तर दोन आठवडे "नोट केलंय". मग बोंब मारल्यावर सांगितलं की वर चिकटवलेल्या प्लास्टिकऐवजी सुटं झाकण असलेले डबे पण असतात, मागावे लागतात. तोवर मी सोमवार-गुरुवार जाऊन कात्रीने सगळ्यांचे कोपरे कापून ठेवत होते. तुम्ही डबा सुरू करणार असाल तर मेन्यू नंतर बघा, आधी एक रिकामा डबा मागून घ्या आणि त्यांच्याच हातात देऊन बघा.

एक मात्र मानलं. मार्चमध्ये आई बाथरूममध्ये होत्या, बेल ऐकू आली नाही, आजोबा डबा दारात टाकून गेले नाहीत, दहा मिनिटांत मला ऑफिसला फोन. मीटिंग सोडून धावले, काही झालेलं नव्हतं, पण तेव्हापासून मी भोपळ्याबद्दल जरा कमी कुरकुर करते.

चौथ्या महिन्यापासून आठवड्यातले तीन डबे इंडियन मेन्यूवाले घेतो. इंडियन म्हणजे राजमा, दाल मखनी, पनीर. आईंच्या मते "हे रोज लग्नात जेवल्यासारखं". आमटी-भात, पिठलं वगैरे विसरा. संध्याकाळचं मीच देते किंवा नवरा देऊन येतो, दोन्ही वेळेला हे डबे नाही चालणार असं माझं स्पष्ट मत झालंय. आठवड्याला पाच डब्यांचे सात करा असं कोऑर्डिनेटर म्हणत होती, नाही म्हटलं, बजेटमध्ये साफसफाईचे तास पण बसवायचेत.

आणि हो, ऑर्डर पंधरा दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे संकष्टीला पास्ता येऊन पडायचा. आता फॉर्म भरताना कालनिर्णय शेजारी घेऊनच बसतो. पुढचा फॉर्म कालच आलाय, मी पोचायच्या आधीच आईंनी सगळ्या भोपळ्यांवर फुल्या मारून ठेवल्या होत्या.