स्लॅकची आठ टूल्स: एकाचं वर्णन वाखाणण्याजोगं, बाकीची बहुतेक अपुरी

अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआयला बाहेरच्या सेवा जोडण्याची सामाईक पद्धत, खुला केला, तेव्हा नमुन्यादाखल काही सर्व्हरही (एआयला टूल्स पुरवणारे प्रोग्राम) दिले. त्यातला एक स्लॅक या ऑफिस-चॅट ॲपचा. हा कोड पुढे जुन्या सर्व्हरांच्या साठ्यात हलवला गेला, तरी ऑफिसच्या चॅटसाठी एजंटची, म्हणजे स्वतः टूल्स वापरून काम करणाऱ्या एआयची, टूल्स लिहायला बसलेल्याने तो आधी वाचावा. टूल्स फक्त आठ आहेत. एजंटला कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरची (टूलला द्यायच्या माहितीची) यादी एवढंच दिसतं. म्हणून परीक्षण त्या वर्णनांचंच.

सगळ्यात सरस आहे थ्रेडला, म्हणजे एका मेसेजखालच्या उत्तरांच्या साखळीला, उत्तर देणारं टूल. स्लॅकमध्ये मेसेजची ओळख म्हणजे त्याचा टाइमस्टॅम्प: दहा अंक, टिंब, मग सहा अंक, जसं १७१२३४५६७८.१२३४५०. पण मेसेजची लिंक कॉपी केली की त्यात टिंब नसतं. ‘पी’ अक्षरापुढे सोळा अंक सलग येतात. माणूस एजंटला लिंकच देणार, हे ओळखून पॅरामीटरच्या वर्णनात लिहिलंय की टिंब नसेल तर शेवटी सहा अंक राहतील असं टिंब घाला. एका वाक्यात काम झालं. पॅरामीटरचा प्रकारही आकडा न ठेवता मजकूर ठेवलाय, तेही अचूक. आकडा असता तर वरच्या उदाहरणातलं शेवटचं शून्य गळालं असतं आणि मेसेज सापडला नसता.

एक फट मात्र राहिली. टाइमस्टॅम्प मूळ मेसेजचा हवा असं वर्णन सांगतं, पण लिंक थ्रेडमधल्या एखाद्या उत्तराची असेल तर ते सोळा अंक त्या उत्तराचे असतात. मूळ मेसेजचा टाइमस्टॅम्प लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर, टिंबासकट असतो. ही ओळ आपल्या टूलमध्ये जरूर घाला.

खरी निराशा चॅनेलचा इतिहास वाचणाऱ्या टूलने होते. वर्णन एवढंच, की चॅनेलमधले अलीकडचे मेसेज मिळतील. थ्रेडमधली उत्तरं यात येत नाहीत, हे कुठेच नाही. ऑफिसच्या चॅटमध्ये प्रश्न चॅनेलवर पडतो आणि निर्णय थ्रेडमध्ये होतो. ‘काल काय ठरलं?’ असं विचारल्यावर एजंट दहा मेसेज आणतो (संख्या न सांगितल्यास तेवढेच येतात), त्यात प्रश्न वाचतो आणि काहीच ठरलं नाही असं छातीठोकपणे सांगतो. दोष एजंटमागच्या एआय मॉडेलचा नाही, वर्णनाचा आहे. ते असं हवं:

‘चॅनेलमधले अलीकडचे मेसेज देते, सर्वांत नवा आधी. थ्रेडमधली उत्तरं येत नाहीत. मेसेजवर उत्तरांची संख्या दिसली तर थ्रेड वाचणारं टूल वापरा आणि मगच सारांश लिहा. तारखेबद्दल विचारलं असेल तर त्या तारखेपर्यंतचे मेसेज आलेत का ते तपासा.’

चार वाक्यं, याहून लांबवू नका. प्रत्येक टूलचं वर्णन सहसा संभाषणभर मॉडेलसमोर असतं, त्यामुळे पानभर मजकूर कोंबला तर नेमकी महत्त्वाची ओळच दबून जाते.

माणसांची यादी देणाऱ्या टूलमध्ये नावाने शोधायची सोय नाही. एका वेळी जास्तीत जास्त २०० नावं येतात. पुढच्या पानाची खूण, म्हणजे कर्सर, रिकामी येईपर्यंत मागत राहायचं. मागितल्यापेक्षा कमी नावं आली म्हणजे यादी संपली असं स्लॅकमध्ये नसतं, तेव्हा वर्णनात हे स्पष्ट लिहा. नाहीतर एजंट पहिल्या पानावरच ‘अशी व्यक्ती नाही’ म्हणून मोकळा होतो. एकाच नावाचे दोघे निघाले तर विचारून घ्या, हेही लिहा. मेसेजवर इमोजीची प्रतिक्रिया देणारं टूल ठीक: इमोजीचं नाव विसर्गासारख्या टिंबांशिवाय द्या असं सांगितलंय, तेवढं पुरेसं.

मेसेज पाठवणाऱ्या टूलला सगळ्यांत तपशीलवार वर्णन हवं होतं, कारण पाठवलेलं लोक लगेच वाचतात. स्लॅकच्या मजकुरात ठळक अक्षरांसाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेकच तारा लागतो. मॉडेल सवयीने दोन-दोन टाकतं आणि तारे तसेच छापले जातात. कुणाला उल्लेखून लिहायचं तर नाव लिहून सूचना जात नाही, कोनी कंसात ॲट चिन्ह आणि त्या व्यक्तीचा आयडी लागतो. बॉट (एजंट ज्या खात्यातून मेसेज पाठवतो ते) चॅनेलमध्ये नसेल तर एरर येते. तेव्हा पुन्हा पुन्हा प्रयत्न न करता बॉटला चॅनेलमध्ये घ्यायला माणसाला सांगायचं. यातलं काहीही वर्णनात नाही.

प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत ‘फक्त वाचतं’, ‘पुन्हा चालवलं तरी फरक पडत नाही’ अशा खुणा टूलला लावायची सोय आली. मेसेज पाठवण्याला यातली एकही लागू नाही, तेव्हा तसं उघड नोंदवा. पण या खुणा म्हणजे निव्वळ इशारे. पाठवण्याआधी माणसाची संमती घेणं एजंट चालवणाऱ्या ॲपनेच करायचं. आणि वर्णनात एक ओळ हवीच: स्लॅककडून उत्तर यायच्या आत वेळ संपली तर आधी चॅनेलचा इतिहास बघा, मेसेज तिथे नसेल तरच पुन्हा पाठवा. ही ओळ नसली की तीच सूचना अख्ख्या चॅनेलला दोनदा जाते.