तोरणमाळचा होमस्टे : गीझर बंद, पण समोरचा साग बघा

जानेवारीत दोन रात्री तोरणमाळला राहिलो, धुळ्याहून आपल्याच गाडीने, मी, बायको, आई आणि शालक. होमस्टेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पुढे कळेलच.

आधी तक्रार. गीझर दोन्ही दिवस बंद! आम्ही धुळ्याच्या उन्हात वाढलेली माणसं, तोरणमाळची जानेवारीतली सकाळ म्हणजे नुसती हुडहुडी. मावशींनी चुलीवर पाणी तापवून दिलं पण बादली एक आणि माणसं चार. बाथरूमची कडी नीट लागत नाही. नेटवर्क फक्त बाहेरच्या पायरीवर, तेही एखादी कांडी. जेवण मात्र एक नंबर, दादर ज्वारीची भाकरी, शेवभाजी, ठेचा, मागेल तेवढं. शेवभाजी तिखट आहे हां, आम्हालाही लागली म्हणजे बघा.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या सुमारास त्याच पायरीवर चहा पीत होतो तर समोरच्या सागाच्या बोडक्या फांदीवर घुबड, भर उन्हात, आरामात बसलेलं. आई म्हणे सकाळी सकाळी घुबड कशाला बघता, चला आत. मला वाटलं आपला नेहमीचा पिंगळा, गावाकडे लिंबावर असतो तो. तिथला पोरगा, विशीचा असेल, हळूच म्हणाला भाऊ डोकं बघा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळपास कोरं तपकिरी, पोट पांढरं आणि पंख-शेपटीवर ठसठशीत पट्टे, मधेच शेपटी इकडून तिकडे झटकायचा. रानपिंगळा! 1884 नंतर याचा पक्का पत्ताच नव्हता, संपला असंच धरलं होतं, आणि 1997 च्या नोव्हेंबरात अमेरिकन पक्षीतज्ज्ञांना सापडला तो कुठे, तर शहाद्याजवळ. आणि आम्ही शहाद्यात फक्त चहा मारून घाटाला लागलो होतो.

शालकाला नेमकी तेव्हाच नेटवर्कची कांडी मिळाली, त्याने मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज शोधला, म्हणे वाजवतो, जवळ येईल. पोराने फोनवर हातच ठेवला. म्हणाला, "भाऊ, नका वाजवू, त्याला वाटतं दुसरा आला, मग तो खाणंपिणं सोडून भांडायला बघतो." मागे कोणी स्पीकर घेऊन आले होते तर त्यांनाही त्याने थांबवलं म्हणे. एवढं राखणारा पोरगा मी मोठ्या रिसॉर्टवर बघितला नाही. पक्षी वीसेक मिनिटं बसला, सगळ्यात जास्त वेळ आईच बघत होती, चहा गार झाला तिचा.

म्हणून नाव टाकत नाही, उद्या पायरीवर पन्नास मोबाइल उभे राहतील. कुठे सापडलंच तर तलावाकडची रूम घेऊ नका, मागची सागाकडची घ्या, दुर्बीण न्या आणि गरम पाण्याचं आदल्या रात्रीच सांगून ठेवा. चार स्टार, पाचवा गीझर दुरुस्त झाल्यावर.