डेबियन १२: डाळमिलच्या ऑफिसात दीड वर्ष

आमची मिल जळगावच्या एमआयडीसीत. तूर, हरभरा, थोडा उडीद. मी हिशेबाचा माणूस, बी.कॉम. झालेला. पण ऑफिसात प्रिंटर अडकला तरी हाक मलाच, आणि त्याच हौसेतून २०१७ साली मी सेंटओएस ७ या फुकट लिनक्सवर ऑफिसचा सर्व्हर बसवला. सात वर्षं चालला. टरफलाची धूळ पंख्यात बसून दोनदा तापला, तेवढंच.

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चे अपडेट बंद झाले. घंटा तशी आधीच वाजली होती. २०२० च्या डिसेंबरात सेंटओएसमागच्या रेड हॅट कंपनीने जाहीर केलं, की सेंटओएस ८ चं आयुष्य २०२९ पर्यंत नाही, २०२१ अखेरच संपेल. आमच्या ७ ची तारीख बदलली नव्हती, म्हणून मी पाय पसरून बसलो. चूक माझीच. जुलै २०२४ मध्ये आवक थंड असताना एकदाचं मनावर घेतलं.

शेठजींचं म्हणणं होतं, सरळ विंडोज सर्व्हर घे, बोंबलत बसायला नको. एका दुकानदाराकडून कोटेशन आणलं. आकडा बरा वाटला, पण त्यात कॅलचा पत्ताच नव्हता. कॅल म्हणजे सर्व्हरला जोडणाऱ्या प्रत्येक माणसाचा किंवा मशीनचा वेगळा परवाना. आमच्याकडे चौदा माणसं. शिवाय लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर असतं आणि किमान १६ कोअरचं घ्यावंच लागतं. आमच्या मशीनला सहाच. घरून टॅली उघडायची तर रिमोट डेस्कटॉपचे कॅल आणखी निराळे, नाहीतर १२० दिवसांनी दार बंद. मी ही सगळी बेरीज कागदावर मांडून शेठजींसमोर ठेवली. त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

उरले उबुंटू, अल्मा, रॉकी आणि डेबियन, सगळे लिनक्सचेच प्रकार. हात सेंटओएसवर बसलेला, त्यामुळे अल्मालिनक्स ९ हीच शहाणपणाची निवड होती. त्याला २०३२ पर्यंत अपडेट आहेत. पण दुधाने तोंड पोळलेलं. अल्मा रेड हॅटच्याच घराण्यातलं, तिथे पुन्हा जायचं मन होईना. यात तर्क कमी आणि रुसवा जास्त, हे कबूल. भाचा बांभोरीला इंजिनीअरिंग करतो, तो उबुंटू २४.०४ साठी हटून बसला होता. डेबियन निवडलं ते १९९३ पासून ते कोणा कंपनीच्या मालकीचं नाही, एवढ्यासाठी. विकणाराच नाही, तर धोरण बदलणार कोण?

बसवायला तास लागला. आधीच्या आवृत्त्यांत नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे ते चालवणारी छोटी फाइल, वेगळ्या पेनड्राइव्हवर शोधून द्यावं लागे. १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं. एक ठेच मात्र सगळ्यांना लागते: बसवताना रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड दिलात, तर तुमच्या खात्याला सुडो, म्हणजे मुख्य खात्याचे अधिकार वापरायची सोय, मिळत नाही. तो रकाना मोकळा सोडा.

खरा घोळ पुढे झाला. गेटपासचा प्रोग्राम कोणीतरी कधीकाळी पीएचपी ५.४ या वेबच्या भाषेत लिहून दिलेला. डेबियन १२ मध्ये पीएचपी ८.२, आणि डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शनं ७ व्या आवृत्तीतच काढून टाकलेली. पान कोरं करकरीत. भाच्याने चार दिवस बसून तो नव्याने लिहिला. मोबदला म्हणून रोज शेवभाजी, तीही तिखट हवी म्हणून भांडून.

आणि मग काटा. गेटवरच्या वजनकाट्याला विंडोज एक्सपीचा कंप्युटर आहे, काट्याच्या पावत्या त्यातून सर्व्हरवर येतात. नवा सर्व्हर लावला आणि काटा मुका झाला. दोन दिवस मी केबली बदलत होतो. कारण निघालं ते असं: फाइल शेअरिंग करणारा सांबा सेंटओएसवर ४.१० होता. ४.११ पासून फाइल देवाणघेवाणीची जुनी भाषा एसएमबी १ हा प्रकार मुळातच बंद ठेवलेला असतो, आणि एक्सपीला दुसरी भाषा येतच नाही. एका ओळीत तो चालू करता येतो. पण २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच वाटेने, आणि ती ओळ काट्यापुरती नसते, सगळ्या सर्व्हरला लागू होते. नाही केलं. काट्याच्या इंडिकेटरला सिरियल पोर्ट असतो. त्याला यूएसबीची केबल लावून विंडोज ११ चं मशीन जोडलं. हे सगळं काट्यावरच्या नानांना समजावत होतो. त्यांनी मध्येच तोडलं, ‘चालू शे का बंद शे, तितलंच सांग.’

दुसऱ्या मिलवाल्यांनी विचारलं तर मी आता हेच सांगतो, की आधी गेटवर जाऊन सर्वांत जुना कंप्युटर बघून या, ब्रोशर नंतर वाचा. आमची निवड खरी तिथेच अडली होती, आणि मी मात्र महिनाभर अल्माच्या २०३२ आणि उबुंटूच्या २०२९ च्या तारखा जुळवत बसलो होतो.

टॅली डेबियनवर नाही, कारण ती विंडोजवरच चालते. तिचा डेटा हिशेबाच्या विंडोज ११ प्रोवर आहे. त्यावर एका वेळी वीसच जोडण्या चालतात, आम्हाला सहा पुरतात. रात्री अकराला त्याची नक्कल डेबियनवर येते. पंचवीस-तीस जण एकदम टॅलीवर बसत असतील, तर मुकाट्याने विंडोज सर्व्हर घ्या, पण कोटेशनमध्ये कॅल लिहून मागा.

वीज आणि ऊन या आमच्याकडच्या खऱ्या परीक्षा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, त्यात दुपारी लाइट जाते. यूपीएस दहा मिनिटं तग धरतो. यूपीएसवर नजर ठेवणारा नट नावाचा प्रोग्राम बॅटरी उतरली की सर्व्हर नीट बंद करतो. मागच्या उन्हाळ्यात असं पाच वेळा झालं, एकही फाइल बिघडली नाही. सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतात. मी रविवारी सकाळी एकदा लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, बघतो, बहुतेक वेळा पाहण्यासारखं काही नसतं.

तक्रार एकच. अडलं तर फोन करायला नंबर नाही. कागदपत्रं इंग्रजीत वाचावी लागतात, आणि माझ्यामागे हे वाचणारा ऑफिसात दुसरा कोणी नाही. शेठजींना याचीच धास्ती आहे, आणि ती खोटी नाही. म्हणून सगळ्या सेटिंग मराठीत एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवल्यात. वही रोजमेळाच्या कपाटात असते.

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. १२ ला जून २०२८ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत, तेव्हा तुरीच्या हंगामात हात लावायचा नाही असं ठरलंय. पावसाळ्यात बघू. नानांना अजून सांगितलेलं नाही.