गंज काढायला दिलं, चिप काढून घेतली

जुन्या कॉम्प्युटरचा गंज काढून घ्यायच्या नादात एकूण ८,८८० रुपये गेले. ३,५०० ॲडव्हान्स, ४,२०० 'प्लेटिंगचे', १,१८० जाण्यायेण्याचं कुरिअर. घरी अजून आकडा सांगितलेला नाही.

मशीन म्हणजे कमोडोर ६४ हा घरगुती कॉम्प्युटर, मामाने १९८५ साली कुवेतहून आणलेलं. रत्नागिरीच्या घरात माळ्यावर इतके पावसाळे काढल्यावर पत्र्याचं व्हायचं तेच झालं. व्हिडिओ चिपवरची डबी, टीव्हीला सिग्नल देणाऱ्या मॉड्युलेटरचं कवच, कीबोर्डच्या पट्ट्या, सगळ्याला पोपडे.

जुनी मशिनं चकाचक करून देणारा एक जण ऑनलाइन सापडला. "दादा, डबी बोर्डाला सोल्डर केलेली असते, अख्खं मशीनच पाठवा." आता हे खरंच आहे! माझ्या बोर्डावर ती सोल्डरच केलेली आहे. माणसाला कामाची माहिती आहे म्हटल्यावर कोण संशय घेईल?

पण मग चिपचा मॉडेल नंबर विचारणारा त्याचा मेसेज आला, "साउंड चिप ६५८१ आहे की ८५८०?"

इथे. इथेच थांबायला हवं होतं. गंजाचा आणि आवाजाच्या चिपचा संबंध काय? ही चिप बनायची कधीच बंद झाली, सिंथेसायझरवाले तिच्यासाठी वाटेल तेवढे मोजतात, हे मला माहीत होतं. माझी तर सॉकेटमध्ये, उचकटली की हातात. आणि मी काय केलं? तीन स्क्रू काढले, टॉर्च धरला, फोटो काढून पाठवला. वर लिहिलं, 'ओरिजिनल आहे'. हौस मिरवायची!

(मशीन कुणाला द्यायचंच असेल तर सॉकेटमधल्या चिपा आधी काढून कपाटात ठेवा.)

पाच आठवड्यांनी पार्सल आलं. पत्रा लखलखीत. डबीवर नख ओढलं तर चंदेरी रंग नखात आला, खाली गंज तस्साच. स्प्रे मारलेला! चालू केलं तर चित्र आलं, आवाज नाही. माझ्या फोटोतल्या चिपवर ४५८४ आहे, म्हणजे १९८४ चा ४५ वा आठवडा. आता तिथे ०३८३ बसलीय, मेलेली. त्याचा फोन बंद.

सुटा पत्रा घरीच साफ होतो हो. रात्रभर व्हिनेगर, पितळी ब्रश, खाण्याच्या सोड्याचं पाणी, लगेच हेअर ड्रायर, वर तेलाचा हात. व्हिनेगर जस्ताचा मुलामाही खातं, तेल टाळलंत तर पुन्हा गंजणार. खर्च शंभराच्या आत.

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. ऑनलाइन तक्रारीच्या फॉर्मवर विचारतात, वस्तू मिळाली का? मिळाली! मग पुढचा रकानाच उघडत नाही. चौकीवर तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, "काका, हा दिवाणी वाद आहे." तिसऱ्यांदा दोन्ही फोटो शेजारी ठेवून आकडे दाखवले, तर हवालदार म्हणाला, "बोटाएवढ्या किड्यासाठी एवढं?" आणि मग, "मशीन तुमचंच कशावरून? बिल आणा."

कुवेतचं. १९८५ चं.